हळू पळायच्या दिवशीची भांडणं

नंदा, तू गेलीस आणि माझं सगळ्यात आधी बिघडलं ते हळू पळणं.

रडणं झालं, जेवणावरची वासना उडणं झालं, उगाच तुझ्या नंबरावर बोट जाणंही झालं. त्याची मला कल्पना होती. पण पळण्याचं असं काही होईल हे डोक्यातही आलं नव्हतं. हळू पळायचा दिवस म्हणून घरातून निघायची आणि औंढ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत धापा टाकायला लागायची. कितीही आवरलं तरी पाय सुटायचे. बघता बघता डाव्या नडगीचं जुनं दुखणं परत आलं. हळू पळायला दोन माणसं लागतात, असं तू म्हणायचीस, तेव्हा मी ते हसण्यावारी न्यायची. वीज कार्यालयात बिलांच्या खिडकीवर बसून दिवसभर लोकांशी वाद घालणाऱ्या बाईला पळतानाही कुणीतरी समोर लागतं, असं मी तुझ्या तोंडावर म्हटलं होतं.

तुझा नियम तसा साधा होता. आठवड्यातले बहुतेक दिवस इतकं हळू पळायचं, की पळता पळता भांडता आलं पाहिजे. नुसत्या गप्पा तुला चालायच्या नाहीत. गप्पांत समोरची बोलत असताना 'हं', 'हो ना' करून दम चोरता येतो. भांडायचं तर पूर्ण वाक्य लागतं, त्याला कारण जोडावं लागतं, आणि दुसरीचं बोलणं मध्येच तोडायला श्वास शिल्लक असावा लागतो. वाक्य तुटलं की समजायचं, वेग जास्त झाला, पाय आवरायचे. आठवड्यातून एकदा मात्र जोरात पळायचं आणि त्या दिवशी तोंड बंद. त्या दिवशी माझ्या तोंडून एखादं वाक्य निघालं की तू म्हणायचीस, "अजून बोलतीयास? मंग पळतीयास कुटं?"

आपली ओळखही भांडणानंच झाली. चाळिशी आली, साखर वाढली, म्हणून मी पळायला लागले होते. शाळेत गणित शिकवणारी बाई, त्यामुळे रोज कालच्यापेक्षा थोडं जास्त हा माझा हिशेब. रोज जोरात निघायची, वळवणच्या धरणाकडे जाताना तुला मागे टाकायची, आणि परतीच्या चढावर तू कुणाशीतरी मोठ्यानं बोलत माझ्या बाजूनं निघून जायचीस. असं बरेच दिवस चाललं. एका सकाळी मी कंबरेवर हात ठेवून रस्त्याच्या कडेला उभी होते, तेव्हा तू थांबलीस.

"मॅडम, रोज शर्यत कुणासंगं लावता?"

"कुणाशीच नाही," मी म्हटलं.

"मंग रोज हरता कुणाकडनं?"

मला इतका राग आला की मी तुझ्याबरोबर पळत पळत चढावरच्या वाडीपर्यंत भांडत गेले. तिथे पोचल्यावर तू शांतपणे सांगितलंस, की हा चढ आज तुम्ही न थांबता चढलात. मला तोवर ते कळलंही नव्हतं. पुढच्या आठवड्यात मॅडमची मंजिरी झाली आणि महिनाभरात मंजे.

तेव्हापासून आपलं भांडण सुरू झालं ते थांबलंच नाही. मूळ विषय एकच. हळू पळून कुणी वेगवान होतं का? मी म्हणायची, गणितं हळू सोडवून कुणी हुशार झालेलं मी पाहिलं नाही. तू म्हणायचीस, तुझ्या वर्गातल्या पोरी रोजच्या रोज परीक्षेला बसवल्या तर शिकतील कधी? सुदुंबऱ्याच्या शाळेत असताना तू तालुक्यात पहिली यायचीस. तिथे तुम्हा मुलींना रोज घड्याळ लावून पळवायचे, रोज जीव काढायचा, आणि दहावीच्या आत सगळ्या जणी कुठून ना कुठून मोडल्या. तुझा गुडघा गेला. मग लग्न, औंढं, नोकरी, आणि पळणं थेट पस्तिशीनंतर. त्यामुळे या विषयावर तू चेष्टा ऐकून घ्यायचीस, पण मागे हटायची नाहीस. आणि मला काहीही करून हाफ मॅरेथॉन दोन तासांच्या आत संपवायची होती. दर हिवाळ्यात लोणावळ्याच्या शर्यतीत मी बंदुकीच्या गोळीसारखी सुटायची आणि शेवटच्या टप्प्यात चालायला लागायची.

मूळ विषय थकला की जोडविषय असायचे. पोह्यांत बटाटा घालावा की नाही. शनिवार-रविवारी येणाऱ्या पर्यटकांना टोल लावावा की नाही. माझा चतुर्थीचा उपास. आदल्या दिवशी साबुदाणा खाऊन दुसऱ्या दिवशी लांब पळायला आलेली मी, आणि "देवानं तुला सांगितलं का, की गुळाचा खडा पन खाऊ नको?" असं विचारत खिशातली चिक्की माझ्या तोंडासमोर धरणारी तू. एप्रिलमध्ये जयंतीच्या दिवशी तू पळायला यायची नाहीस. मी टोमणा मारला तर म्हणालीस, मिरवणुकीत ये, तितं पाच-सहा तास पायावर असतंय माणूस, तेच तुझं लांब पळणं. मी आले. तुमच्या वस्तीतल्या बायकांबरोबर निळा फेटा बांधून नाचले आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याला धरून उतरले. ते तू वीज कार्यालयात सगळ्यांना सांगितलंस.

तुझ्या बाकीच्या युक्त्याही इथल्याच रस्त्या-शेतांतल्या होत्या. आपल्या भागात पळणाऱ्यांची एक खोड आहे, चढ छाती फुटेस्तोवर पळायचा आणि उतार आला की येणाऱ्या जीपला हात करायचा. उतार काय, फुकटचा, त्यात शिकायचं काय, असं सगळ्यांचं मत. माझंही होतं. तू मला दुधिवरे खिंडीतून खाली पळायला लावलंस आणि दोन दिवस मला वर्गात खुर्चीवरून उठता येईना. "आता कळलं, तू शेवटाला का चालतीस?" तू विचारलंस. मांड्या उताराला तयार नव्हत्या, चढाला नव्हे. त्यानंतर मी जीपला हात करणं सोडलं, पण तुझं बरोबर आहे असं काही म्हटलं नाही.

आणि आबांचे बांध. माझी टांग फार लांब पडते, पाय अंगाच्या पुढे जाऊन आपटतो, म्हणून नडगी दुखते, हे तू पाहिलं होतंस. त्यावर तुझा उपाय म्हणजे भात काढल्यावर तुझ्या सासऱ्यांच्या खाचरांच्या बांधावरून पळायचं. बांध हातभर रुंद. लांब टांग टाकली की माणूस खाली धसकटांत. आबा काठी टेकून बघायला आले होते. म्हणाले, "बांध फुटला तर पावसात पानी कोन आडवनार? शाळंतल्या बाई?" शेवटी त्यांनीच अट घातली, अनवाणी पळायचं आणि जिथं माती ढासळेल तिथं संध्याकाळच्या आत लिंपायची. पहिल्या दिवशी मी पळाले कमी आणि लिंपलं जास्त. आबांनी माझ्या हातचं लिंपण पाहून तुला विचारलं होतं, की या बाईंनी कधी चूल तरी सारवलीय का. पण त्या थंडीत माझी पावलं छोटी झाली, भराभर पडायला लागली, आणि नडगीचं दुखणं गेलं.

आता त्या सकाळबद्दल. उन्हाळा होता, अजून तापलं नव्हतं, रस्ता सपाट होता. तू उपासावरच बोलत होतीस. "म्हंजे तुझं म्हननं असं का, की..." एवढं म्हणालीस आणि वाक्य तिथंच राहिलं. मी वाट पाहिली. मग तुझ्याकडे पाहिलं. तू पळत होतीस, पण तोंड उघडं होतं आणि शब्द येत नव्हता. मी थांबले. तू म्हणालीस, उकाड्यानं झालं असंल. मी म्हटलं, तुझाच नियम आहे, वाक्य तुटलं की काहीतरी जास्त झालं, आणि आपण तर नेहमीपेक्षाही हळू चाललोय. तू परत वाद घालायला लागलीस आणि परत अर्ध्यात अडकलीस. त्याच दिवशी तुझ्या नवऱ्याला, मिलिंदभाऊंना घेऊन मी तुला रक्त तपासायला नेलं. रक्ताचा आजार निघाला. डॉक्टर म्हणाले की लवकर आणलंत, बहुतेक बायका घरात धाप लागली तर कामाचा शीण समजून महिनोन् महिने काढतात. त्या लवकर येण्यामुळे आपल्याला पुढचे दोन हिवाळे मिळाले. मी त्याबद्दल कुणाचे आभार मानायचे हे ठरवू शकलेले नाही, म्हणून तुझेच मानते. तुझ्या त्या हट्टी नियमानं तुलाच पकडलं.

उपचार सुरू झाल्यावर तुझं पळणं बंद झालं. मला वाटलं, आता मीही सोडून द्यावं. तू ऐकेनास. म्हणालीस, फोन हाय ना. मग आपला तो अजब कार्यक्रम सुरू झाला. तू औंढ्यात पडवीतल्या खाटेवर पांघरूण घेऊन, मी कानात इअरफोन घालून रस्त्यावर, आणि भांडण चालू. मी नुसतं बोलत असायची आणि तू मधेच विषय सोडून म्हणायचीस, "दम लागलाय तुला. पुलाचा चढ आला न्हाई का? हळू कर." खाटेवर पडून तू माझा रस्ता ऐकत होतीस. तुला स्वतःला चार पायऱ्या चढवत नव्हत्या, आणि माझा श्वास कुठं तुटतो ते तुला पहिल्या शब्दात कळायचं. खिंडीपाशी नेटवर्क जायचं आणि भांडण अर्धवट राहायचं. पलीकडे उतरून परत फोन लावला की तू पहिलं वाक्य म्हणायचीस ते बरोबर जिथं तुटलं होतं तिथून पुढचं. मिलिंदभाऊ एकदा मला म्हणाले, "तुमी रोज भांडत जावा, ताई. फोन ठिवला की ती दोन घास जास्त जेवती." त्यावर मी एकदा मुद्दाम, काहीही कारण नसताना, पोह्यातल्या बटाट्यावरून तासभर भांडले.

शेवटचं भांडण दवाखान्यातलं. मला यंदाच्या शर्यतीत सुरुवातीपासून दोन तासांचा वेग धरायचा होता. तू म्हणालीस, शर्यतीतही निम्मं अंतर भांडता येईल इतकंच पळ, मग काय तो जोर लाव. मी म्हटलं, शर्यतीला हळू कोण पळतं? तू तुझा मुद्दा मांडायला लागलीस, तेवढ्यात नर्स आली, सलाइन बदलायची होती. मला बाहेर जायला सांगितलं. दारातून तू म्हणालीस, "उद्या बोलू, मला उत्तर सुचलंय." त्याआधी आणखी एक गोष्ट सांगून ठेवली होतीस. पळणारे लोक तुझा फोटो टी-शर्टवर छापणार, हे तुला पक्कं ठाऊक होतं. "घामानं माझंच तोंड खारट व्हईल, त्यांना नको म्हन." दुसऱ्या दिवशी पहाटे मिलिंदभाऊंचा फोन आला. तुला काय उत्तर सुचलं होतं ते मला अजून माहीत नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी औंढ्याला खूप माणसं आली. कुणी तुला प्रेरणास्थान म्हटलं, कुणी जिद्दीची मूर्ती. मला बोलायला उभं केलं तर मी दोनच वाक्यं बोलले आणि खाली बसले. आबांना धरून उठवावं लागलं. ते म्हणाले, "लय भांडखोर व्हती सून. घरात आवाज असायचा." आणि हात जोडले. त्या दिवशी बोललं गेलेलं तेवढंच मला खरं वाटलं. टी-शर्ट छापायला टाकले होते, ते मी तुझा निरोप सांगून थांबवले. लोक आधी गोंधळले, मग हसले.

आणि मग मी एकटी. हळू पळायचा दिवस आला की पाय सुटायचे. गाणी लावून पाहिली, त्यांच्या ठेक्यावर आणखी जोरात पळाले. मनगटावरच्या घड्याळाचं ऐकून पाहिलं, वेग वाढला म्हणून त्यानं कुरकुर केली की मी त्याच्यावरच चिडायची. शर्यत तोंडावर आली होती आणि नडगी अशी ठणकत होती, की यंदा उभीच राहू शकणार नाही असं वाटायला लागलं. एका सकाळी पुलाच्या चढाला मी वैतागून मोठ्यानं म्हटलं, "नंदे, हे सगळं तुझ्यामुळे झालंय." आणि बोलतच सुटले. तुला न विचारता तुझ्या नियमाला शिव्या घातल्या, तुझ्या बाजूचे मुद्दे मीच मांडले आणि मीच खोडले. चढ संपेपर्यंत माझे पाय आपोआप हळू झाले होते. वाटेत गवताचा भारा घेऊन एक मावशी थांबल्या. त्यांनी माझे रिकामे कान पाहिले.

"कुनासंगं बोलताय, बाई?"

"नंदाशी," मी म्हटलं.

"बरं, बोला," त्या म्हणाल्या आणि भारा सावरून पुढे गेल्या.

तेव्हापासून हळू पळायच्या दिवशी मी तुझ्याशी मोठ्यानं बोलते. औंढ्यात आता कुणी वळूनही बघत नाही. नडगी बरी झाली. हा मजकूरही मी कागदावर नाही, त्या रस्त्यावर जुळवला आहे, थोडा थोडा, रोज सकाळी. त्यामुळे कुठे वाक्य फार लांब झालं असेल तर समज, तिथे सपाट रस्ता होता.

गेल्या रविवारी शर्यत झाली. मी तुझं ऐकायचं ठरवलं, पण मान्य न करता. सुरुवातीपासून तुझ्याशी भांडत पळाले. मुद्दा तोच, शर्यतीला हळू कोण पळतं. माणसांचे लोंढे मला मागे टाकून गेले. त्यात माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील होते, पोट सुटलेले, ते हात करून गेले. मी तुला म्हटलं, बघ, हे बघ तुझ्या नियमाचं फळ. बाजूला पुण्याचा एक तरुण पळत होता. त्यानं विचारलं, मॅडम, फोनवर आहात का? मी हो म्हटलं.

निम्मं अंतर झालं. माझी वाक्यं अजून पूर्ण होत होती. मोठा चढ गेला, मग उतार आला, मांड्यांनी कुरकुर केली नाही. उतार संपला तिथून पुढे सरळ रस्ता होता, आणि घड्याळ सांगत होतं की दोन तासांच्या आत यायचं तर आता वेग वाढवायला हवा. मला ते जमण्यासारखं होतं. अंगात बळ होतं. पण वेग वाढवायचा म्हणजे तुझ्याशी बोलणं थांबवायचं, दोन्ही एकत्र होणार नव्हतं. नंदा, मी तिथे बराच वेळ तशीच हळू पळत राहिले. काय बोलत होते आठवत नाही, काहीतरी फालतूच, बोलणं चालू राहावं म्हणून. तुझ्या जाण्याचं मला इतकं वाईट ना दवाखान्यात वाटलं होतं, ना वैकुंठभूमीवर, जितकं त्या सरळ रस्त्यावर वाटलं. मग मी म्हटलं, नंदा, आता मी गप्प बसते. आणि गप्प बसले.

पुढचं काय सांगू? पळाले. रडायलाही दम लागतो, तो उरला नव्हता. एकेक माणूस मागे पडत गेला, ते मुलीचे वडीलही. फक्त माझ्याच छोट्या, भराभर पडणाऱ्या पावलांचा आवाज येत होता. शेवटी कमानीखालून गेले तेव्हा घड्याळात दोन तासांना थोडं कमी होतं. पलीकडे मिलिंदभाऊ लिंबूपाणी घेऊन उभे होते. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हातात ग्लास दिला. मला बोलता येत नव्हतं.

आता दम परतला आहे, म्हणून सांगते. तू बरोबर होतीस. आणि हे मला रविवारी कळलेलं नाही. पहिल्याच थंडीत कळलं होतं. दुधाचा टेम्पो रोज ठरल्या वेळी निघायचा आणि सुरुवातीला आपल्याला तो पुलाच्या अलीकडे भेटायचा. आपण तेवढ्याच आरामात भांडत पळत होतो, वाक्यं तेवढीच लांब होती, पण हिवाळा संपता संपता तो टेम्पो आपल्याला पूल ओलांडून पार औंढोलीच्या पुढे भेटायला लागला. मी ते पाहिलं आणि जीभ चावली. कबूल केलं असतं तर भांडण मिटलं असतं, आणि ते मिटलं असतं तर तू सकाळी माझ्या दाराशी कशाला आली असतीस? तूही पाहिलं होतंस. टेम्पोवाल्याला हात केलास, माझ्याकडे बघून हसलीस, आणि मुकाट्यानं पोह्यांचा विषय काढलास. म्हणजे तुलाही ते मिटवायचं नव्हतं.

आता मिटलं. उद्या हळू पळायचा दिवस आहे, नंदा. भांडायला काय काढू, तूच सांग.